सोळा कोअर आणि अक्का

चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून कोअरकाका घरी आले की कपडे न बदलताच मागच्या खोलीत शिरत. गल्लीनं हे नाव उगाच दिलेलं नव्हतं. संगणकाचा कुठला प्रोसेसर, किती कोअरचा, म्हणजे किती मेंदूंचा, बुद्धिबळाचा प्रोग्रॅम किती वेगानं पळवतो, याच्या तक्त्यांपायी माणूस जेवणही विसरे. परक्या देशांतले लोकसुद्धा इंटरनेटवर त्यांना विचारून खरेदी करत.

यंदा त्यांनी आठ कोअरचा जुना आणि सोळा कोअरचा नवा, असे दोन प्रोसेसर एकमेकांशी शंभर डाव खेळायला लावले. चार दिवस पंखे घोंघावत होते. पाचव्या दिवशी बायकोनं विचारलं, "कोण जिंकलं?"

"ब्याण्णव डाव बरोबरीत. नव्यानं सहा मारले, जुन्यानं दोन."

"एवढ्यासाठी खोलीची भट्टी केलीत?"

"अगं, नवा दुप्पट वेगानं विचार करतो! चाल बहुतेक तीच निघते, पण लवकर."

"का? कुणाला गाडी गाठायचीय?"

काका तक्ता भरायला वळले.

त्याच आठवड्यात त्यांची थोरली बहीण, अक्का, डोळे तपासून घ्यायला आली. अक्का जन्मभर टायपिस्ट होती. चष्मा तयार होईपर्यंत वेळ जाईना, तेव्हा तिनं माळ्यावरचा बुद्धिबळाचा पट काढला. "बस रे, एक डाव टाकू."

काकांनी एकोणीस वर्षांत सोंगट्यांना हात लावला नव्हता. पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? पहिल्या आठ चाली त्यांनी पाठ म्हटल्यासारख्या केल्या. नवव्या चालीला ऐटीत घोडा उचलला. पंधराव्या चालीला अक्कानं मात दिली!

बायको पदराआड हसली. काकांचे कान लाल झाले. ते उठले आणि त्यांनी तो डाव दोन्ही मशीनांना तपासायला घातला. थोड्या वेळानं बाहेर आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं.

"घोडा हलला तिथंच मात ठरली होती! नव्याला ती दोन सेकंदांत दिसली, जुन्याला पाच!"

"मला तर तू घोडा उचललास तेव्हाच दिसली," अक्का म्हणाली. "तीही जुन्या चष्म्यातून."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली. "नक्की किती सेकंद लागले, अक्का?"

तक्त्यात 'अक्का' असा तिसरा रकाना आला आणि तक्ता इंटरनेटवर चढला. दुसऱ्या दिवशी परदेशातून कुणीतरी विचारलं, हे 'अक्का' मॉडेल कुठे मिळेल? काकांनी प्रामाणिकपणे कळवलं, की ते विकाऊ नाही, आणि रविवारी आपल्या घरी परत जाणार आहे.