कलीमभाईंची पोटगीची शीट

कळमनुरीच्या कोर्टासमोर कलीमभाईंनी टाइपरायटरचं टेबल मांडलं ते १९९१ साली. मी तेव्हा खरेदी-विक्री संघात हिशोबनीस होतो. अजूनही आहे, आता निवृत्ती जवळ आली. संघाची पत्रं मी त्यांच्याकडूनच टाइप करून घ्यायचो. त्यांचा हात चपळ होता, पण तोंड त्याहून चपळ. अर्ज कसलाही असो, समोरच्याची चौकशी पूर्ण व्हायची. गाव कोणतं, रान किती, पिलं किती? पिलं म्हणजे मुलंबाळं. मुलं हा शब्द त्यांना कोरडा वाटे. "मुलं हजेरीपटावर असतात साहेब, घरात पिलंच असतात," असं म्हणायचे. त्यांच्या घरात पाच होती.

२००३ मध्ये त्यांनी एक टपरी भाड्याने घेतली आणि नांदेडहून वापरलेला कॉम्प्युटर आणला. मॉनिटर मांडीवर धरून जीपमध्ये बसले, तर ड्रायव्हरने दोन सीटचे पैसे मागितले. "मी म्हटलं, अरे बाबा, हे मांडीवरचं आहे, ह्याचं हाफ तिकीट घे!" हा किस्सा त्यांनी पुढे वर्षभर सांगितला.

कोर्टात पोटगीची प्रकरणं बरीच असत. तडजोडीला बसण्याआधी वकील पक्षकारांना उत्पन्नाचा तक्ता करून आणायला सांगत. टाइपरायटरवर एक आकडा चुकला की सगळा कागद फुकट. म्हणून कलीमभाई एक्सेल शिकले आणि त्यांनी पोटगीची शीट तयार केली. तिच्यातली सूत्रं मी तपासून दिली होती. इथले वकील बोलणीपुरता जो हिशोब धरत, तोच तिच्यात होता. कमावत्या बापाचे दोन वाटे आणि प्रत्येक लेकराचा एक. उत्पन्न भरायचं, अपत्यांची संख्या भरायची, की दर अपत्याचा आकडा येई आणि भरलेला फॉर्म प्रिंटरमधून बाहेर पडे.

२००४ च्या एप्रिलमध्ये मी संघाच्या पत्रासाठी टपरीत बसलो होतो, तेव्हा पंचफुलाबाई आणि प्रभू हे नवरा-बायको आले. दोन वर्षांपासून दोघं वेगळे राहत होते. पंचफुलाबाई आखाडा बाळापूरजवळच्या खेड्यात माहेरी, प्रभू वारंगा फाट्यावर हमालीला. मुलगा भारत आईजवळ होता.

"मला सोताला छदाम नको," पंचफुलाबाईंनी बसता बसताच सांगितलं. "पोरगं चौथी पास झालं. गावात शाळा तेवढीच. पाचवीला बाळापूरला घालायचं तर जीप, कपडे, खानं-पिनं धरून सातशे लागतेत म्हैन्याला. तेवढे भेटले तर घालीन, न्हाई तर जाईल माझ्यासंगं रानात."

नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते. जे काय ते कलीमभाईंमार्फत.

"कलीमभाऊ, ह्यास्नी इचारा, कमाई किती?"

"सांगा तिला, हमालीचे अठराशे."

"आन् दारात शेरडं बांधलेली हाईत म्हन्तेत, ती कुनाची?"

"माणिकरावची. माझी माय नुसती राखून राहिली. माझं त्यात काय न्हाई."

"फुकट राखते व्हय?"

"सांगा तिला, जुनी ओळख हाय."

अठराशेचे तीन वाटे म्हणजे लेकराला सहाशे. एवढ्याला कॉम्प्युटर लागत नव्हता. पंचफुलाबाईंनीही तो हिशोब मनात केला असावा, कारण त्यांचा चेहरा उतरला. पाणी पिऊन येते म्हणून त्या बाहेर गेल्या.

लाईट जायची वेळ झाली होती. कलीमभाई घाईने, पडद्यावरची नजर न काढता एकेक रकाना भरू लागले. नाव, गाव, धंदा. आणि सवयीने विचारलं, "पिलं किती?"

प्रभूच्या डोक्यात अजून शेरडंच होती. "चौदा," तो म्हणाला.

कलीमभाईंनी चौदा टाकलं आणि प्रिंट दिली. तेवढ्यात पंचफुलाबाई परत आल्या. कागद हातात घेऊन कलीमभाई कोर्टातल्या पुकाऱ्यासारखे मोठ्याने वाचू लागले, "अर्जदार पंचफुलाबाई, गैरअर्जदार प्रभू, अपत्ये चौदा, दर अपत्यास दरमहा एकशे साडेबारा रुपये..."

"चौदा?" पंचफुलाबाई आता थेट नवऱ्याकडे वळल्या. "दोन सालात चौदा? काहून हो, हायेत कुठं? आन् माय कोन त्यांची?"

"अगं बया, शेरडांची पिलं ती!" प्रभू उठूनच उभा राहिला. "दुसरी बाई बघितली असंल तर जीभ झडो माझी! सात माझी आन् सात माणिकरावची. अर्धलीनं हाईत!"

आमच्याकडे अर्धली लहान पोरालाही कळते. शेरडं मालकाची, राखण दुसऱ्याची आणि होतील ती पिलं निम्मी निम्मी.

कलीमभाईंनी हळूच खुर्ची वळवली. "प्रभूभाऊ, सात तुमची?"

"असं बोललो व्हय मी?"

"बराबर बोललात. साहेबांनी बी ऐकलं."

मी मान हलवली. प्रभू खाली बसला. पिलू किती रुपयांना जातं यावर मग नवरा-बायकोत थेट भांडण झालं.

"सहाशे येतेत."

"सहाशेला काय, कातडं इकता का? बाळापूरच्या बाजारात नऊशेच्या खाली पिलू दावा मला!"

अखेर नऊशे ठरले. कलीमभाईंनी शीटमध्ये अर्धलीचा नवा रकाना घातला, सात पिलांचे वर्षाचे पैसे बारा महिन्यांवर पाडून हमालीत मिळवले आणि अपत्यांच्या रकान्यात एक लिहिलं. आकडा आला पावणेआठशे.

"कॉम्प्युटरनं न्हाई, माझ्याच तोंडानं घात केला," प्रभू पुटपुटला.

पंचफुलाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू बाहेर आलंच. "चौदा लेकरांचं द्याया निघाले होते, एकावर सुटलात. पेढे वाटा!"

प्रभूलाही हसू आवरेना. हसत हसतच त्याने सही केली. तडजोड त्याच आकड्यावर झाली.

जूनमध्ये भारत पाचवीला बाळापूरच्या शाळेत गेला. दिवाळीच्या सुमारास मी वारंगा फाट्यावर चहाला थांबलो, तर प्रभू एका ट्रक ड्रायव्हरला ऐकवत होता, "पोरगं बाळापूरला शिकून राहिलं माझं. म्हैन्याला आठशे देतो, खेळ न्हाई!"

पावणेआठशेचे आठशे कधी झाले, ते त्यालाच ठाऊक.