साडूंचा निळा पट्टा

आमच्या साडूंइतका निःपक्षपाती माणूस नागपुरात दुसरा झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी त्यांच्या घरच्यांची देवापाशी प्रार्थना आहे. साडू पोलिसात निरीक्षक. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतल्या एका देशात निवडणुका व्हायच्या होत्या. तिथे शांतता राखायला संयुक्त राष्ट्रांतर्फे निरनिराळ्या देशांचे पोलीस गेले, त्यांत आमचे साडूही गेले. हातात साधी काठी नाही. दंडाला निळा पट्टा बांधायचा, भांडणाऱ्यांच्या मधोमध उभं राहायचं आणि कोणाचंही नसायचं, एवढंच काम. सहा-सात महिन्यांनी परतले ते एक लाकडी जिराफ आणि तो पट्टा घेऊन. जिराफाची मान नागपूर स्टेशनावरच मोडली. पट्टा मात्र टिकला.

पट्ट्यावर पृथ्वीचा गोल होता आणि त्याभोवती दोन डहाळ्या. साडू म्हणत, त्या शांततेच्या. मेहुणी म्हणे, गोडलिंबाच्या. पट्टा बांधला की साडू आवाज चढवत नसत, बाजू घेत नसत आणि दोन्ही पक्षांकडचं पाणीही पीत नसत. सासू-सुनेचं वाजलं की ते खुंटीवरचा पट्टा बांधून स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभे. "दोघींचंही म्हणणं मी ऐकून घेऊन राहिलो," असं ते गंभीरपणे जाहीर करत. "काहून? कान तर पहिलेही होते न तुमाले!" मेहुणी आतून ओरडे. नंदनवन वसाहतीत त्यांच्या शेजारी दोन भाऊ सामाईक भिंतीवरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा साडू पट्टा बांधून चक्क त्या भिंतीवर जाऊन बसले. दोन्ही घरांतून तर्री-पोहे आले. साडूंनी दोन्ही बशा परत केल्या. आपल्या घरचे पोहे नाकारतो म्हणजे काय, या संतापात दोघे भाऊ एक झाले आणि मिळून साडूंना बोलू लागले. साडूंनी ती मोहीम यशस्वी झाल्याचं मला त्याच संध्याकाळी सांगितलं.

मग आलं त्यांच्या मुलीचं लग्न. मुलाकडचे भिवापूरचे, मिरचीची शेती असलेले, आणि स्वभावाने पिकाला शोभणारे. आमच्याकडे वऱ्हाड आलं की मानाच्या माणसांना दुपट्टा-टोपी करतात, आणि पहिला मान मुलाकडचा, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. साडूंना तो पक्षपात वाटला. त्यांनी वयाप्रमाणे रांग लावली. मुलीचा मामा मुलाच्या मामापेक्षा थोरला निघाला. त्याला टोपी आधी चढली.

मुलाचा मामा तिथल्या तिथे वळला आणि वऱ्हाडाच्या बसमध्ये जाऊन बसला. "मुलीच्या मामाले टोपी आधी? माहा भाचा काय इथं मतदानाले आला?" त्याच्यामागून काका, फुफा, आत्या, सगळं वऱ्हाड पुन्हा बसमध्ये! बँडवाले थांबले. भटजी घड्याळ आणि साडूंचं तोंड आळीपाळीने पाहू लागले. "जा न, समजवा त्यायले!" मेहुणी म्हणाली. साडू आत गेले आणि बाहेर आले तेव्हा नव्या कोटाच्या बाहीवर निळा पट्टा होता.

"अवो, आज तरी नका बांधू!"

ऐकतो कोण! एक पाय बसच्या पायरीवर, एक जमिनीवर, अशा तटस्थ अवस्थेत उभे राहून साडू म्हणाले, "दोन्हीकडून चुका झाल्या आहेत. मी दोन्ही बाजू समजून घेतो."

मामा खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "मले तुमच्याशी नाही बोलायचं. पोरीच्या बापाले बोलवा."

"ते सध्या ड्युटीवर आहेत."

"डायवर, गाडी चालू कर!"

आणि खरंच इंजिन धडधडलं! मी दोन्ही हात पसरून बससमोर धावलो. तेवढ्यात मांडवातून पिवळी साडी सावरत, मुंडावळ्या उडवत नवरी स्वतः धावत आली. तिने बापाचा दंड पकडला. गाठ हाताने सुटेना, तशी दातांनी सोडली.

"बाबा, आजच्या दिवस माह्याकडून व्हा न!"

पट्टा सुटला आणि साडूंमधला निरीक्षक कुठे गेला कळलं नाही. उरला एक घामाघूम, गोंधळलेला बाप. त्याने डोक्यावरची टोपी काढून हात जोडले. "मामाजी, चुकलं माहं. पोरगी माही हाय जी..."

मामा उठला. "हे पहिले नाही सांगता येत होतं?" त्याने साडूंच्या हातातली टोपी घेऊन स्वतःच घातली. ती कानापर्यंत उतरली, पण हसायची हिंमत कोणाला? अक्षता वेळेवर पडल्या.

पाठवणीच्या वेळी साडू पट्टा शोधू लागले, तर तो लेकीच्या कमरेला खोचलेला. "हा मी घेऊन चालली, बाबा. तिकडे सासू, आजेसासू, चुलतसासू, सगळ्या एकाच चुलीवर हायेत."

आता रविवारी मी नंदनवनात जातो. भांडायला लेक नाही म्हणून मेहुणी गप्प असते, आणि तिच्या म्हाताऱ्या सासूला आता ऐकू येत नाही. मी मुद्दाम काहीतरी वाद उकरून काढतो. साडू लगेच एक बाजू घेतात, माझ्याविरुद्धची, आणि थोडा वेळ खुलतात. मग वाद संपतो. त्यांचा हात नकळत डाव्या बाहीवर फिरतो, जिथे काही नसतं.

"शांतता जरा जास्तच होऊन राहिली गा भाऊ," ते म्हणतात. "एवढी नव्हती पाहिजे."