संच दुरुस्तीला आहे

चीनशी युद्ध सुरू झालं आणि हुकूम निघाला, की ज्यांच्याकडे दोन्ही बाजूंनी बोलता येणारे रेडिओसंच आहेत त्यांनी ते जमा करावेत. चामराजपेटेतल्या आमच्या घरात तसा एक होता, माझ्या धाकट्या भावाचा. पोलिओनं त्याचे पाय लहानपणीच गेले होते. रोज संध्याकाळी सहाला सिलोनमधले एक शाळामास्तर त्याला हाक मारायचे, आणि तासभर दोघं बोलायचे. घराबाहेरचं त्याचं जग तेवढंच.

पेटी आणि बरीचशी जोडणी त्याच्या हातची. आतलं यंत्र मात्र जुन्या बाजारातलं, कुठल्याशा परदेशी लष्करानं टाकून दिलेलं. फॉर्म मी भरायला घेतला.

"अक्का, 'कुठे तयार झाला' तिथं 'घरी' लिही."

"आत पट्टीवर देशाचं नाव आहे. खोटं कसं लिहू?"

"परीक्षेला बसलीस काय? लिही बाई. पैकीच्या पैकी मिळतील."

मी पट्टीवरचं नाव सुवाच्य अक्षरात उतरवलं.

पुढे घरी जोडलेले संच लोकांना परत मिळू लागले. आमचा मिळेना, म्हणून मी कचेरीत गेले. अधिकारी सभ्य होता.

"परदेशी माल आहे, अम्मा. आत काय दडवलंय, इथलं बोलणं आणखी कुठे जातं का, हे कळेपर्यंत देता येत नाही."

"माझा भाऊ उघडून दाखवेल."

"त्यानं दाखवलेलं आम्ही कसं मानायचं?"

घरी येऊन सांगितलं. भाऊ "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाला. पण सहा वाजले की खुर्ची टेबलाशी ओढायला लावायचा आणि रिकाम्या टेबलासमोर तासभर बसायचा. मी शेजारी पुस्तक उघडून बसे. पान उलटत नसे.

मास्तरांचं कार्ड आलं: आवाज का येत नाही? परदेशी जाणारी पत्रं तेव्हा उघडून वाचली जात; खरं कारण लिहायची मला भीती वाटली. 'संच दुरुस्तीला आहे,' असं लिहिलं.

भाऊ वाचून हसला. "आता जमायला लागलं, अक्का."

पुढच्या थंडीत न्यूमोनियानं तो गेला. तेराव्यानंतर पुन्हा कार्ड आलं: दुरुस्ती झाली का?

तो गेला, असं मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही कार्डं फाडली. तिसऱ्यावर लिहिलं, 'अजून नाही.' मास्तर त्यानंतरही विचारत राहिले, आणि मी तेच लिहीत राहिले.