रसूलनं काढून नेलेले नाल

साल दोन हजार बावीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि रसूल नालबंद माझ्याहून थोडा मोठा. रहिमतपुरातून मोटारसायकलला पेटी बांधून यायचा. राम राम नाही, सलाम नाही. आधी माझ्या घोडीच्या मानेवर हात ठेवायचा आणि मला म्हणायचा, "तू लांब हो." तिचा पाय स्वतःच्याच गुडघ्यांत घ्यायचा, मालकाला हात लावू द्यायचा नाही. "मालकाचं ध्यान वरातीत असतंय, पायात न्हाई." आमचं कधी पटलं नाही. त्याचं कुणाशीच पटायचं नाही. पण तसा हात दुसऱ्याला नव्हता, म्हणून बोलवायचो.

त्या उन्हाळ्यात चांदणी पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागली. ती नवरदेव मिरवणारी घोडी. कवठे महांकाळच्या वरातीला मी शब्द दिलेला. नाल नुकतेच मारले होते, म्हणून मी रसूलला फोनवर झाडलं, तुझा खिळा मांसात गेलाय.

तो आला. नाल उचकटून एकेक खिळा त्यानं नाकाशी धरला. चुकीचा गेलेला खिळा ओला निघतो, घाण मारतो. हे सगळे कोरडे. मग माझ्या नाकाखाली धरले. "हुंग. कुठला मारतोय घाण?" मी तोंड फिरवलं.

त्यानं खुरावर हातोडी वाजवत नेली. एका जागी पोकळ आवाज आला. तिथं कोरलं तर आतून ओल्या पिठासारखा भुसा गळाला. वरून मी तेल लावून चकाकवलेला खूर, आत बोट जाईल एवढं भगदाड. रसूललाही ते नवीन होतं. त्यानं बोट आत घालून खोली पाहिली.

"वरात न्हाई. मातीत मोकळी ठेव," मग म्हणाला.

मी सांगितलं, शब्द दिलाय.

"तू दिलास. घोडीनं न्हाई."

आणि उरलेले तीनही नाल काढून, चारही पेटीत टाकून निघून गेला. आमच्याकडं एकानं नाल उतरवलेल्या घोड्याला दुसरा नालबंद हात लावत नाही. त्यानं किंवा त्याच्या घरच्यानंच मारायचे. मी साताऱ्यापर्यंत हिंडलो. रसूलचं नाव ऐकलं की सगळे मान हलवायचे. वरात गेली, माझा शब्द गेला. भर बाजारात मी त्याला चोर म्हणालो, तुझ्या दारात पाय ठेवणार नाही म्हणालो. त्याचा निरोप आला, "चोर तर चोर. घोडी कशी हाय?" मी उत्तर धाडलं नाही.

थंडीपर्यंत नवा खूर वाढत खाली आला, भगदाड भरलं. तरी मी त्याला बोलावलं नाही. अशात एका दुपारी तो गेला. दफनाला मी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदणीला रस्त्याकडेच्या मातीतून चालवत त्याच्या दारात नेली. त्याचा थोरला सलीम, पन्नाशीचा, बाहेर आला. म्हणालो, माझे नाल दे. त्यानं खुंटीवरून चारही काढले. पुढच्या डाव्या पायाचा तापवून एका बाजूनं रुंद केलेला होता, नेमका भगदाड होतं त्या जागी.

"अब्बांनी केलाय," सलीम म्हणाला. "शिव्या देत येईल म्हणाले होते."

मग म्हणाला, मला एकट्याला जमत नाही, पाय कुणीतरी धरायला लागतोय. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. मी धोतर खोचलं, वाकलो आणि तिचा पाय गुडघ्यांत घेतला.