दत्ताची आई

दाजींचा फोन आला तेव्हा मी नांदूरघाटच्या बाजारात भाजी घेत होते. "मंदा गेली," एवढंच म्हणाले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. माझी थोरली बहीण... रडू यायच्या आधी मनात आलं, आता दत्ताला कोण उचलणार?

दत्ता तिचा एकुलता एक. आता मिसरूड फुटलंय, पण चालता येत नाही, हातपाय ताठ होतात. त्याच्या वेळी दिवस भरत आले तरी मंदाक्का शिरूर कासारहून घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेली होती. कळा फार वेळ चालल्या, गाडी उशिरा मिळाली, आणि जन्मल्यावर दत्ता रडलाच नाही. वर्ष उलटलं तरी मान धरेना, तेव्हा सासूने विचारलं, "पोटुशी असून कावून मोळ्या उचलल्या?" तिला तोडीला नेणारेही मग तेच विचारू लागले. मंदाक्का खाली मान घालून ऐकायची.

दत्ता लहान असताना बीडच्या तपासणी शिबिराला मी तिच्यासोबत गेले होते. आत शिरायला जागा नव्हती. अशी इतकी लेकरं असतात, हेच आम्हाला माहीत नव्हतं. शेजारी एक शिक्षिका बसली होती, मांडीवर तशीच ताठ मुलगी. मंदाक्काने विचारलं, "तुमी बी ऊस तोडायला गेलत्या का?"

"नाही हो. मी रजा घेऊन घरीच होते. मोठ्या दवाखान्यात बाळंत झाले. तरी..."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. वाढत्या मेंदूला इजा झाली की असं होतं. कधी जन्मताना श्वास कोंडतो, कधी मूल वेळेआधी होतं, पुष्कळदा पोटातच काही घडलेलं असतं, आणि कितीकदा कारण सापडतच नाही. "दत्ताचं नक्की काय झालं, ते आता सांगता येणार नाही. पण मोळ्यांमुळे झालं, असं मी म्हणणार नाही."

परतताना एसटीत ती खूप रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "लई दमले गं मी."

घरी सासूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डाक्टरला काय कळतंय?"

"त्यांला न्हाई कळत, मग तुमाला कसं कळलं?" मंदाक्का पहिल्यांदाच उलट बोलली.

पुढे दत्ताला उचलणं, धुणं, चोळणं यातच तिची कंबर गेली. छातीतली ती कळ आधीही आली असेल... पण तिच्या दुखण्याची चौकशी करायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं?

तेराव्यानंतर दत्ताला मी घरी आणलं. तो जेवेना. घास ओठाशी नेला की दात घट्ट आवळायचा. शेवटी दमून दाजींना फोन केला. ते म्हणाले, "ती आधी 'हं?' म्हणायची. त्यानं नजरेनं हो म्हटलं की मगच भरवायची."

मी घास हातात धरून थांबले. म्हटलं, "हं?" दत्ता बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला... मग त्याने तोंड उघडलं.

आता दोन्ही वेळा, प्रत्येक घासाला विचारते. हात भरून येतो, जेवण निवून जातं. पण विचारल्याशिवाय तो खात नाही.