बारा वर्षांचा फणस

मी मितभाषी माणूस आहे. हसवण्यासाठी बोलणे मला जमत नाही आणि आवडतही नाही. तरीही आमच्या दिवाणखान्याचे छत खरवडण्याचा विषय निघाला की मंडळी चहा बाजूला ठेवून सरसावून बसतात. घरातली धूळ चार दिवसांत गेली. किस्से मात्र दर गुरुवारी वाढतच आहेत. हे सारे देवासमोर घडले, म्हणून पदरचे काही घालत नाही.

*

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शाहूपुरीतल्या एका कापडदुकानाचे छत मी पाहिले. प्लॅस्टरमध्ये कुंचा बुडवून वर थापायचा आणि खाली ओढायचा. पांढरी टोके लोंबत राहतात. मला मोह झाला. मोह हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो.

उचगावचे बापू मिस्त्री आमच्याकडच्या गुरुवारच्या भजनात टाळ धरत. त्यांना आमच्या दिवाणखान्यासाठी तसेच काम सांगितले. ते वर बघत बराच वेळ उभे राहिले.

"बगा गुरुजी. तुमी म्हणशीला तसं."

तीन दिवसांचे काम त्यांनी दीड दिवसात उरकले! त्यांच्या चपळाईचे मी चारचौघांत कौतुक केले.

शेजारच्या आक्का बघायला आल्या. मान वर करून म्हणाल्या, "आगं बया! फणसाच्या पोटात बसल्यागत वाटतंय की!"

महिन्याभरात पोस्टमनसुद्धा 'फणसवाले गुरुजी' म्हणून घर विचारू लागला.

*

भजन रंगात आले आणि पखवाजावर थाप पडली की छताची टोके गळत. एका गुरुवारी असेच एक टोक शिऱ्यात पडले आणि लक्ष्मणरावांच्या द्रोणात गेले. लक्ष्मणराव बिद्रीच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले.

कर्रकन आवाज झाला. सगळे थांबले. पण प्रसाद थुंकायचा नसतो! लक्ष्मणरावांनी डोळे मिटले, चावले, गिळले, हात जोडले.

मग हळूच म्हणाले, "वहिनी, खडीसाखर घातलीया व्हय? सारा जन्म साखरंत गेला, पर असला दाणा बगितला न्हाय!"

त्या दिवसापासून आमच्या घरी शिऱ्याच्या पातेल्यावर आरती संपेपर्यंत ताट झाकलेले असे.

*

बापूंची एक सवय मला खटके. आल्याबरोबर ते मान वर करून छत न्याहाळत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग मला म्हणत, "गुरुजी, जरा हिकडं सरका."

मला वाटे, स्वतःची कारागिरी मला नीट दिसावी म्हणून हा खटाटोप. एकदा मी भजनानंतर अहंकार या विषयावर पाऊण तास बोललो. नजर बापूंवरच ठेवली होती.

बापूंनी मनापासून मान डोलावली. जाताना म्हणाले, "लई ब्येस बोललासा. लोकांनी ऐकाय पायजे."

*

बारा वर्षे अशी गेली. मग एक दिवस सौभाग्यवतींनी निर्वाणीचे सांगितले, "दत्तजयंतीच्या आत हे छत जायला हवं. नाहीतर भजन दुसऱ्याच्या घरी. माणसांना आणखी किती प्लॅस्टर चारायचं?"

प्रश्न छताचा नव्हता. बापूंना सांगायचे कोणी? माणूस दर आठवड्याला आपले काम असे डोळे भरून पाहतो. ते आपण पाडणार म्हटल्यावर तो पुन्हा आमच्या घरी टाळ धरेल काय? मला तीन रात्री झोप लागली नाही.

शेवटी मी बापूंना म्हणालो, "वायरिंग जुने झाले आहे. या गुरुवारी भजन नाही."

सौभाग्यवती दाराआड उभ्या होत्या. बापू गेल्यावर म्हणाल्या, "खोटं बोलणाऱ्या पोरांना तीस वर्षं बाकावर उभं केलंत. आता तुम्ही चढा!"

*

आणि मी चढलो. देव स्वयंपाकघरात हलवले, चिरंजीव विनायकने बागेच्या पंपाने छत भिजवले आणि मी बाकावर उभा राहून खरवडू लागलो. डोक्याला पंचा, तोंडाला फडके. पांढरा चिखल कोपरापासून बनियनमध्ये उतरत होता. दोन दिवसांत पत्रावळीएवढी जागा मोकळी झाली!

सकाळी गवळी दारात आला. बाकावरचे ध्यान पाहून म्हणाला, "ओ पावणं, गुरुजी हायत काय घरात?"

मी म्हणालो, "बाहेर गेलेत."

आठवड्यातले हे माझे दुसरे असत्य.

*

गवळी उचगावचाच. दुपारी बापू दारात हजर!

मी बाकावर, हातात खरवडणी. बापूंनी मला पाहिले, छताला पाहिले.

"वायरिंग व्हय?"

मी खाली उतरलो आणि सगळे खरे सांगितले. क्षमाही मागितली. बापूंनी बाह्या सरसावल्या, बाकावर चढले, कोपरा भिजवला आणि थापीचे टोक कडेने आत सारले. परातीएवढा पोपडा अलगद त्यांच्या हातात उतरला. मग दुसरा. तिसरा.

"इतके सोपे?" मी विचारले.

"खालचा डिस्टेंपर खरवडलाच न्हवता मी. त्यावरच थापलं. म्हटलं, गुरुजी कवातरी काढणार. स्लॅब खराब व्हाया नगो."

"बारा वर्षे बोलला का नाहीत?"

"तुमास्नी आवडलं हुतं की!"

"आणि दर गुरुवारी वर काय पाहत होता?"

बापू पोपडा खाली ठेवत म्हणाले, "कुटलं सुटलंय त्ये."

मी बाकावर बसलो. विनायक तोंड फिरवून खिडकीकडे गेला. त्याचे खांदे हलत होते.

*

पुढच्या गुरुवारी भजन आमच्याच घरी झाले. छत सपाट, पांढरे, ताज्या रंगाचे. शिऱ्याच्या पातेल्यावर ताट नव्हते. सौभाग्यवतींनी त्यात खरीच खडीसाखर घातली होती. लक्ष्मणराव प्रत्येक घास दिव्याजवळ धरून तपासत होते.

बापू सर्वांत शेवटी आले. देवाला नमस्कार केला, टाळ उचलले, मान वर करून छत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले.

मग म्हणाले, "गुरुजी, जरा हिकडं सरका."

मी सरकलो.