घाटावरचा चिरा

चैत्र सरत आला की आमच्या पेठेत उपसलेल्या गाळाचा वास भरून राही. काळा, ओलसर, किंचित आंबूस असा तो वास. त्यात कुजलेल्या कमळदेठांचा आणि तापल्या दगडांचा अंश मिसळलेला असे, आणि दुपारच्या झळांबरोबर तो ओसरीवरून माजघरात, माजघरातून वाळत घातलेल्या लुगड्यांत शिरून बसे. मी नव्याने नांदायला आले तेव्हा त्या वासाने मला मळमळे. पुढेपुढे मात्र मी त्याची वाट पाहू लागले, कारण कडेचा गाळ निघाला म्हणजे घाटाचे खालचे दगड मोकळे होत, आणि मग भर उन्हाळ्यात आम्हा बायकांचा तिसरा प्रहर सुरू होई.

कारंज्याच्या आमच्या पेठेला स्वतःचं तळं होतं. प्यायचं पाणी घरोघरच्या आडांवरून यायचं. तळं होतं ते केवळ हौसेसाठी, जिवाला गारवा मिळावा म्हणून. बांधावर कडुलिंबांची रांग होती, सांडव्याशी केवड्याचं बन होतं आणि मधला डोह कोणत्याही उन्हाळ्यात आटत नसे. आपल्याला मिळालेलं हे सुख सांभाळावं लागतं, एवढी जाण पेठेला होती. तळ्याचे पंच असत. जनावर पाण्यात घालायचं नाही, धुणं आणायचं नाही, शिंगाड्याचे वेल डोहाकडे सरकू द्यायचे नाहीत, पावसाळ्यापूर्वी सांडव्याची डागडुजी करायची, आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की प्रत्येक घरातून एका माणसाने गाळ उपसायला उतरायचं, असे त्यांचे नियम. खोल चिखलात उतरायला मात्र गावकुसाबाहेरची माणसं बोलावत, आणि गाळ निघाला की त्याच माणसांना त्या पाण्याला बोट लावायची बंदी असे. हे मी रोज डोळ्यांनी पाहत होते आणि तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

घाट बांधला तेव्हा प्रत्येक घराने एकेक काळा चिरा दिला होता. ज्या घराचा चिरा, तिथे त्या घराने बसायचं, तिथून पाण्यात उतरायचं. तिसऱ्या प्रहरी बांधाच्या टोकाला लिंबावर लाल फडकं बांधलं जाई, आणि ते दिसलं की कितीही मोठा शेठ असो, मुकाट्याने मागे फिरे. दिवेलागणीपर्यंत तळं आमचं.

माझं माहेर मानोऱ्याकडचं, माळावरचं. तिथे पाणी म्हणजे डोक्यावरून आणायची वस्तू. सांडलं तर आई रागावत असे. त्यामुळे पहिल्यांदा घाटावर गेले आणि काष्टे घट्ट खोवलेल्या, एकमेकींवर ओंजळीनं पाणी उडवणाऱ्या त्या थोराड बायका पाहिल्या, तेव्हा मला त्यांची लाजच वाटली. एवढ्या पाण्याची ही कसली उधळपट्टी, असं मनात येऊन गेलं. तेवढ्यात डोहाच्या मधोमध एक डोकं वर आलं. ओले केस कपाळावर चिकटलेले, कपाळ कुंकवावाचून मोकळं, आणि चेहऱ्यावर असं हसू, की घरातल्या त्या अबोल, मान खाली घालून जातं ओढणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई त्या याच, हे पटायला मला वेळ लागला.

अनसूया त्यांचं नाव. माझे थोरले दीर लग्नानंतर वेगळे निघाले होते, त्यांनी आपली चूल मांडली, तळ्यावर आपला चिरा बसवला, आणि थोड्याच वर्षांत तापानं गेले. मूल नव्हतं. जाऊबाईंची चूल पुन्हा आमच्या चुलीत मिसळली. तेव्हा पंचांनी म्हणे ठरवलं, की आता घर एक तर चिराही एक पुरे. दुसरा एखाद्या नव्या बिऱ्हाडाला द्यावा. त्या चैत्रात जाऊबाई कुणाला न विचारता, डोक्यावर पदर घेऊन, टोपली घेऊन गाळात उतरल्या. पुरुषांच्या रांगेत उभं राहून त्यांनी दिवसभर गाळ वाहिला. कुणीतरी हटकलं तेव्हा म्हणाल्या, “हात माहा हाय, तर दगडबी माहाच हाय.” सासरे घरी येऊन ताटावर बसले ते न जेवताच उठले. पण चिरा राहिला. घरात त्यांच्या नावाचं असं दुसरं काहीच नव्हतं. कपाटाची किल्लीसुद्धा नव्हती.

त्या दगडावरून त्यांनी मला पोहायला शिकवलं. त्यांचं माहेर अडाण नदीच्या काठचं, चालायच्या आधी पोहायला शिकलेली बाई ती. वाळका भोपळा माझ्या पाठीला बांधून त्या मला पुढे ढकलत, आणि मी किंचाळले की म्हणत, “हात मार वं! पानी काई तुले खाऊन नाई राह्यलं. तूच त्याले भेव दाखवतं.” खरंच मी पाण्याला मारामारीसारखी भिडत असे. त्या स्वतः मात्र पाण्यात काहीच करत नाहीत असं वाटे. दोन्ही पाय पोटाशी घ्यायचे, बेडकासारखे फाकून मागे लोटायचे, मग क्षणभर नुसतं सरकत राहायचं. पुन्हा पाय पोटाशी. त्या सरकत राहण्याच्या क्षणात त्यांचा चेहरा इतका निवांत होई, की त्यांच्याकडे पाहता पाहता मी माझा भोपळा विसरे. घरी परतताना त्या पुन्हा मुक्या होत. वेशीपाशी पोचेपर्यंत केस वाळत, आणि केसांबरोबर ते हसूही.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या पायाला, घोट्याच्या वर, फोड आला. दोन दिवसांत तो फुटला आणि आतून दोऱ्यासारखा पांढरा नारू डोकावला. आमच्या बाजूला तेव्हा नारूचं कुणाला नवल नव्हतं. काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण पायात जी आग होते ती ज्याची त्यालाच ठाऊक. निखाऱ्यावर पाय धरल्यासारखं होतं, असं त्या म्हणत, आणि पाण्यात पाय सोडला की तेवढ्यापुरतं निवे. म्हणून तो सारा वैशाख त्या लंगडत घाटावर जात आणि आपल्या चिऱ्यावर बसून पाय पाण्यात सोडून राहत. मीच त्यांना हाताला धरून नेत असे. शेवटी नारू आतच तुटला, पाय सुजून मांडीएवढा झाला, आणि सूज उतरली तेव्हा घोटा आखडला तो कायमचाच. चालताना त्या एका अंगाला झुकू लागल्या. पेठेतली पोरं मागून चिडवीत.

पाण्यात मात्र त्या लंगडत नव्हत्या. श्रावणात तळं भरलं आणि त्या पुन्हा डोहात शिरल्या तेव्हा मी काठावर श्वास रोखून उभी होते. पाय पोटाशी आले, फाकले, मागे गेले. थोडा तिरका पडला असेल तो पाय, पण पाण्यानं ते झाकून घेतलं. मधोमध जाऊन त्या वळल्या आणि मला हाक मारली, “पाह्य वं, हाय का कुठं लंगडी?” त्या दिवशी मला समजलं, की इतर बायकांसाठी तळं ही तासाभराची मौज आहे, आणि या बाईसाठी ते धडधाकट असण्याचं एकुलतं एक ठिकाण उरलंय.

पुढच्या उन्हाळ्यात पेठेत घरोघर नारू निघाले. पंचांतले वडीलधारे धनराजशेठ, त्यांची धाकटी सून तर दोन्ही पायांनी खाटेला खिळली. पहिलटकरीण होती, तिचं रडणं बोळातून ऐकू येई. अकोल्याहून एक डॉक्टर आले. मोठे सभ्य गृहस्थ. त्यांनी काचेच्या पेल्यात तळ्याचं पाणी धरून त्यातले उड्या मारणारे बारीक किडे शेठना दाखवले आणि समजावून सांगितलं. नारूचा पाय पाण्यात पडला की नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो, ती या किड्यांच्या पोटात जातात, आणि असं पाणी पोटात गेलं की वर्षभरानं त्या माणसाच्या अंगातून नारू निघतो. पोहताना घोटभर पाणी कुणाच्या तोंडात जात नाही?

वर्षभरानं, हा शब्द पेठेनं नीट ऐकला. गेल्या वैशाखात घाटावर पाय सोडून कोण बसलं होतं, हे कुणाला विचारावं लागलं नाही. पुरुषांच्या वेळेलाही घाटावर दरसाल दोनचार नारूवाले पाय निववायला बसत, पण त्यांची आठवण कुणाला झाली नाही. लक्षात राहिली ती एक विधवा. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आम्ही दोघी घाटावर गेलो तेव्हा जाऊबाईंच्या चिऱ्याच्या उजवीडावीकडचे, मागचे असे सगळे दगड रिकामे होते, आणि बायका पार सांडव्याच्या टोकाला दाटीवाटीनं बसल्या होत्या. मला इतका संताप आला, की मी पाण्यात न उतरता तशीच परत निघाले. जाऊबाई बसून राहिल्या. पाय त्यांनी लुगड्याखाली ओढून घेतले होते, कोरडे.

पंचांची बैठक बांधावरच झाली. घाटाच्या कडेनं पुरुषभर उंचीची भिंत घालायची, खालचे दगड तिच्याआड जाऊ द्यायचे, कुणी पाण्यात पाय घालायचा नाही; भिंतीला दोन गडगडे बसवायचे, बागेपुरतं पाणी वरून ओढायचं. डॉक्टरांनीच तसं सुचवलं होतं. आम्ही बायका केवड्याच्या आडोशानं ऐकत होतो. सगळं ठरून माणसं उठू लागली तशा जाऊबाई आडोशातून बाहेर आल्या. पदर नीट केला आणि शेठसमोर उभ्या राहिल्या.

“भिंत घाला, शेठजी. म्या नाई म्हनत नाई. पन माह्या दगडापुरती फट ठेवा. पाय पुरा बरा हाय आता, डाक्टरले दाखवतो.”

आमचे हे शरमेनं दुसरीकडे पाहू लागले. धनराजशेठ मात्र वाईट माणूस नव्हते. त्यांनी हात जोडले. “वैनी, तुमचा पाय बरा हाय, मले मालूम हाय. पन फट ठेवली तर ते तुमच्यासाठीच राहीन काय? आज तुमी, उद्या दुसरं कोनी पाय निववाले येईन. माही सून पाहून राह्यले ना तुमी?”

जाऊबाई म्हणाल्या, “पाह्यली. बराबर हाय तुमचं.” आणि झुकत झुकत घराकडे चालू लागल्या. मी मागून जात होते. वाटेत त्या एकदाही थांबल्या नाहीत.

भिंत झाली. सगळ्या पेठेचे चिरे तिच्याआड गेले. मी त्या भिंतीला शिव्या द्याव्यात असं पुष्कळदा मनात येई. पण दोनतीन उन्हाळे गेले आणि पेठेतून नारू गेला तो गेलाच. माझ्या मुलींना नारू म्हणजे काय हेही माहीत नाही, आणि त्यांचे सरळ, नितळ घोटे पाहिले की माझ्या तोंडून ती शिवी बाहेर पडत नाही. तळं आता फार देखणं दिसू लागलं. पाणी ढवळलं जात नसल्यामुळे कमळं माजली, बांधावर बसायला बाकं आली, संध्याकाळी धोतरं सावरीत मंडळी हवा खायला येत. लाल फडकं कुणी काढलं नाही. ते लिंबावरच विटलं, आणि त्याच्याकडे पाहून मागे फिरावं असं कुणाला वाटेनासं झालं.

एकदा न राहवून मी गडगड्यावरून तळ्याचं पाणी आणलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं दुहेरी फडक्यातून गाळलं, न्हाणीतल्या घंगाळात ओतलं आणि जाऊबाईंना म्हटलं, पाय तरी बुडवा. त्यांनी घंगाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “घंगाळात कोनी पोवते काय वं, येडे?” म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. पण पाय काही बुडवले नाहीत. ते पाणी मी तुळशीला घातलं. पुन्हा आणलं नाही.

त्यानंतर त्या वर्षानुवर्षं आमच्या घरात होत्या, एवढंच म्हणता येईल. जातं ओढत, भाकरी थापत, तिसऱ्या प्रहरी परसदारच्या पायरीवर बसत. तिथून तळं दिसत नसे; वारा तिकडचा असला तर कमळांचा कुजट-गोड वास तेवढा येई. तो आला की त्या डोळे मिटून घेत. मी कधी काही विचारलं नाही. विचारून माझ्याजवळ त्यांना द्यायला काय होतं?

भाद्रपदात ताप आला आणि उतरेचना. शेवटच्या दिवशी दुपार कलली होती, कौलांतून एक कवडसा त्यांच्या गोधडीवर पडला होता, आणि शेजारच्या बायका खाटेभोवती दाटीनं बसल्या होत्या. त्यांतल्या काही जणी पूर्वी घाटाच्या टोकाला जाऊन बसलेल्या. वाचा गेलेली होती. पण गोधडीखाली काहीतरी हलत होतं. पाय वर ओढले जात, थांबत, मग जोरानं खाली जात, आणि पुन्हा सगळं स्तब्ध. पायथ्याशी बसलेली एक जण कळवळून म्हणाली, “तळमळून राह्यली वं बिचारी. पाय दाबून धरा कोनी.”

मी पाहत राहिले. दोन्ही पाय पोटाशी. मग बाजूला, मागे. मग ती क्षणभराची विश्रांती. आखडलेला उजवा पायही डाव्याच्या बरोबरीनं जात होता. चेहऱ्याकडे मी मुद्दाम पाहिलं नाही, कारण तिथे जे दिसेल अशी माझी आशा होती ते दिसलं नसतं तर मला सोसलं नसतं. ती तळमळ होती की आणखी काही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

पाय दाबायला कुणीतरी पुढे झालं. मी तिचा हात बाजूला केला, पायथ्याशी बसलेल्या सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं, आणि जाऊबाईंच्या पायांवरची गोधडी काढून घेतली.